‘सरकारी नोकरी कोण सोडतंय?’

नव्या शिक्षकाला पहिली दोन-तीन वर्षं एखाद्या जाणत्या शिक्षकाची साथ मिळाली पाहिजे, असं नांदेड किंवा लातूर जिल्ह्यात कुणासमोरही म्हणून बघा. उत्तर ठरलेलं आहे. “सरकारी नोकरी कोण सोडतंय? लाखांनी पोरं परीक्षेला बसतात, हजारांत जागा निघतात. लागला तो नारळ फोडून येतो. त्याला टिकवायला वरून मार्गदर्शक कशाला?” हे मी पंचायत समितीच्या व्हरांड्यात ऐकलंय, संघटनेच्या बैठकीत ऐकलंय, आणि शिक्षण परिषदेच्या चहाच्या सुट्टीत तर हमखास. बोलणारी माणसं वाईट नाहीत. त्यांच्यातले कित्येक माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात. त्यांच्या बोलण्याला आधारही आहे. फेब्रुवारी-मार्च 2023 मधल्या शिक्षक अभियोग्यता चाचणीला दोन लाखांहून जास्त उमेदवार बसले होते, आणि त्यानंतर भरतीच्या पवित्र पोर्टलवर निघालेल्या जागा एकवीस हजारांच्या आसपास होत्या. ज्या नोकरीची दहा-दहा वर्षं वाट पाहिली ती कुणी सहजी सोडत नाही, हे मान्य. पण त्यावरून ‘मग साथीची गरजच नाही’ इथपर्यंत जी उडी मारली जाते, तिला माझा आक्षेप आहे.

पहिली गोष्ट, राजीनामे मोजून इथे काहीच कळणार नाही. अमेरिकेतल्या शाळेत नवा शिक्षक वैतागला की नोकरी सोडून दुसरा धंदा धरतो, म्हणून तिथले अभ्यासक किती जण सोडून गेले ते मोजतात. आपल्याकडे वैतागलेला शिक्षक राजीनामा लिहीत नाही, बदलीचा अर्ज भरतो. 2017 पासून जिल्हा परिषदेच्या बदल्या ऑनलाइन झाल्या, आणि त्या धोरणात ‘अवघड क्षेत्र’ म्हणून गावांची यादी आली. अवघड क्षेत्रात सलग तीन वर्षं काढली की बदली मागण्याचा अधिकार मिळतो. शिक्षणसेवकाचा कालावधीही तीनच वर्षांचा. आता किनवट किंवा माहूर तालुक्यातल्या तांड्यावर, पाड्यावर 2024 च्या वसंतात रुजू झालेल्या माणसाचा हिशेब मांडा. पहिली तीन वर्षं मानधनावर, आजूबाजूला विचारायला कुणी नाही, आणि कायम व्हायची वेळ येते तेव्हाच निघून जायचा रस्ताही उघडतो. तो निघून जातो. कागदोपत्री नोकरी सुटलेली नसते. शाळेच्या बाजूने पाहिलं तर शिक्षक गेलेला असतो, आणि त्या जागी पुन्हा एक नवा, तसाच एकटा माणूस यायचा असतो.

हेच मोठ्या पटावर कोकणात दिसतं. मराठवाड्यातली पोरं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघरला लागतात, आणि आंतरजिल्हा बदली खुली झाली की तिकडच्या शाळा रिकाम्या होतात. कोकणातले पालक चिडून म्हणतात की घाटावरचे शिक्षक टिकत नाहीत. घराची ओढ हे त्याचं मोठं कारण आहेच. म्हातारे आईबाप उदगीरला आणि आपण दापोलीच्या डोंगरात, यावर कुठलाही मार्गदर्शक औषध देऊ शकत नाही. पण तिथून परतलेल्या शिक्षकांशी निवांत बोललं की घराच्या बरोबरीने दुसरी एक तक्रार निघते: पहिल्या वर्षी काही जमत नव्हतं आणि ते कुणाला सांगताही येत नव्हतं.

काय जमत नव्हतं? इथे जरा थांबू या, कारण ‘सरकारी नोकरी कोण सोडतंय’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र नसतं.

किनवट तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा घ्या. पहिली ते चौथी, दोन खोल्या, पट चाळिसाच्या आतबाहेर. घरची भाषा कुठे गोंडी, कुठे कोलामी, तांडा असेल तर गोरबोली. नवीन मॅडम आल्या आहेत अहमदपूरहून. डी.एड. झालं 2011 ला, मध्ये लातूरच्या एका खासगी शाळेत आणि शिकवण्यांमध्ये दहा-बारा वर्षं गेली, वय छत्तीस. नवीन म्हणजे बावीस वर्षांची पोरगी हे चित्र आता जुनं झालं. भरती इतकी रखडली की आपल्याकडचा ‘नवा’ शिक्षक दोन लेकरांचा बाप किंवा आई असतो. पहिल्या दिवशी सोबतचे सर किल्ल्यांचा जुडगा आणि पोषण आहाराची नोंदवही पुढे करतात. माणशी 100 ग्रॅम तांदळाचा हिशेब, शिल्लक, इंधन-भाजीपाल्याचं बिल. मग यू-डायस, आधारची जुळणी, अपार आयडी, व्हॉट्सॲपच्या गटावर ‘आजच्या आज’ म्हणून आलेली लिंक. हे सगळं मॅडम आठ दिवसांत शिकतात, कारण ते शिकवायला माणूस आहे आणि चुकलं तर फोन येतो.

वर्गात मात्र पहिली आणि दुसरीची मिळून वीसेक पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेली असतात. मॅडम ‘बदक’ दाखवतात. पोरांना पक्षी ओळखू येतो, शब्द कळत नाही. दुसरीतला एक मुलगा धडा घडाघडा वाचतो. मॅडम खूश. पान उलटून मधलीच ओळ दाखवली की तो गप्प. वाचत नव्हताच, पाठ झालं होतं. पहिलीला काही द्यावं तर दुसरी दंगा करते, दुसरीकडे वळावं तर पहिली उठून दाराशी. डी.एड.ला बहुवर्ग अध्यापनावर प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मॅडमनी दहापैकी आठ गुणांचं लिहिलेलं होतं.

अशा वेळी पंधरा वर्षं बहुवर्ग चालवलेली बाई शेजारी बसली तर काय सांगते? फार मोठं तत्त्वज्ञान नाही सांगत. ती म्हणते, पहिलीच्या हातात आधी खडे, बिया, चित्रकार्डं द्या, त्यांचे हात गुंतू द्या, मग दुसरीकडे वळा, पण पहिलीकडे पाठ करून नाही, तिरकं बसा, म्हणजे दोन्ही दिसतील. म्हणते, तो पोरगा पाठ म्हणतोय ना, त्याला शब्द कापून उलटेसुलटे मांडून द्या. चौथीतली एक पोरगी दोन्ही भाषा बोलते, तिला रोज दहा मिनिटं पहिलीत बसवा. आणि म्हणते, पहिली दिवाळी होईपर्यंत मलाही असंच वाटत होतं. मला विचाराल तर त्या शेवटच्या वाक्याचं मोल बाकी सगळ्याइतकंच आहे. स्वतःत काहीतरी खोट आहे असं समजून बसलेल्या माणसाला ही अडचण कामाची आहे, आपली नाही, हे कळणं म्हणजे निम्मा भार उतरणं. हे न कळता वर्ष गेलं की माणूस दुसरा निष्कर्ष काढतो. ‘ही पोरंच अशी आहेत.’ एकदा हे वाक्य तोंडी बसलं की शिक्षक हजर असतो, दप्तर चोख असतं, फोटो वेळेवर जातात, आणि वीस वर्षं वर्गात काही घडत नाही. नोकरी टिकलेली आहे. ज्यांना फक्त तेवढंच मोजायचंय त्यांनी आनंद मानावा.

आता दुसरं उत्तर येतं, आणि ते पहिल्यापेक्षा चतुर आहे: “अहो, अनुभवच गुरू. आम्हाला कोण होतं?” यातला ‘आम्हाला कोण होतं’ हा भाग मला खोटा वाटतो. प्रत्येक शिक्षकाला पहिल्या वर्षी कुणीतरी घडवतंच. प्रश्न तो कोण, एवढाच असतो. आणि आपल्या भागात तो कुठे भेटतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, छापत मात्र कुणी नाही. तो गाडीत भेटतो.

नांदेडहून मुखेडकडे, कंधारकडे, भोकरकडे, किंवा लातूरहून औसा-निलंग्याकडे सकाळी निघणाऱ्या गाड्या बघा. पाच-सहा जण महिन्याचे पैसे वाटून घेतात आणि अप-डाउन करतात. मुख्यालयी राहण्याचा वाद इथे नको. राहायला खोली नाही, लेकरांची शाळा शहरात, ही कारणंही खरी आहेत. पण रोज दोन-अडीच तास नवा शिक्षक या गाडीत मागच्या सीटवर मधोमध बसून जो अभ्यासक्रम शिकतो, त्याची तोड डायटच्या कुठल्याही प्रशिक्षणाला नाही. कुठल्या टेबलावर फाईल अडते. बिंदुनामावलीत आपण कुठे. जुनी पेन्शन मिळणार की नाही. कुठलं गाव ‘सोपं’, कुठल्या गावचा सरपंच ‘तापदायक’. बदलीचं पोर्टल कधी उघडतंय. आणि मधूनच, सहज, वडीलकीच्या प्रेमाने: “सर, पहिल्या वर्षी सगळेच एवढं करतात. होईल कमी हळूहळू.” यात दुष्टावा नाही. माणसं आपापल्या परीने नव्याची काळजीच घेत असतात. रजेचा अर्ज कसा लिहायचा ते सांगतात, आजारपणात डबा देतात. पण वर्गाबद्दल त्या गाडीत अवाक्षर निघत नाही. तेव्हा मार्गदर्शक हवा की नको हा वाद पोकळ आहे. तो आहेच. नोकरी कशी करायची ते शिकवणारा प्रत्येकाला फुकट मिळतो. शिकवायचं कसं ते दाखवणारा मिळत नाही, आणि त्याचीच मागणी चालली आहे.

तिसरं म्हणणं प्रशिक्षणांचं. “प्रशिक्षणं काय कमी झालीत?” नाही, कमी नाहीत. निष्ठा झालं, दीक्षावरचे कोर्स झाले, नवीन शैक्षणिक धोरणाने वर्षाला 50 तासांचं बंधनच सुचवलंय. मुरूडच्या डायटमध्ये असो की नांदेडला, सभागृहात शंभर जण बसवून पडद्यावर स्लाइड दाखवल्या जातात. त्यातल्या काही खरंच चांगल्या असतात. मी प्रशिक्षणाची टिंगल करणाऱ्यांतला नाही. पण सभागृहात बसलेल्या शिक्षकाचा प्रश्न ‘माझ्या वर्गातला तो पाठ म्हणणारा मुलगा’ असा असतो, आणि तो मुलगा सभागृहात आलेला नसतो. व्हिडिओ पुढे सरकवून प्रमाणपत्र डाउनलोड करण्याची कला तर आता राज्यभर पोचली आहे, तिच्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागलं नाही.

“मग केंद्रप्रमुख कशाला आहेत?” हा त्याचाच पुढचा भाग. केंद्रप्रमुख नेमले गेले ते याच कल्पनेतून: दहाएक शाळांचा एक समूह, आणि त्यांच्यात फिरणारा, शिकवणं जाणणारा एक ज्येष्ठ. राज्यात अशी 4,860 पदं आहेत. त्यातली किती वर्षानुवर्षं रिकामी राहिली याची कल्पना यावरून यावी की 2023 मध्ये विभागीय परीक्षेने एकदम 2,384 पदं भरायची जाहिरात काढावी लागली, आणि तीही परीक्षा रखडली. पद रिकामं म्हणजे अतिरिक्त कार्यभार. एकेका माणसाकडे दोन-दोन केंद्रं. त्याचा दिवस माहिती गोळा करण्यात जातो. पण जागा भरल्या तरी माझा मुद्दा राहतोच. जो माणूस भेट देऊन शेरेबुकात शेरा लिहितो, ज्याचा अहवाल गटशिक्षणाधिकाऱ्याकडे जातो, त्याच्यासमोर शिक्षणसेवक ‘मला पहिलीचा वर्ग सांभाळता येत नाही’ असं कबूल करील का? अजून कायम व्हायचंय. तो फळा पुसून ठेवील, हुशार पोरांना पुढे बसवील आणि चहा मागवील. तपासणारा आणि शिकवणारा एकच असला की शिकणारा लपवायला शिकतो. यात केंद्रप्रमुखांचा दोष नाही, रचनेचा आहे.

आता मी त्या आक्षेपाकडे येतो ज्याला मी खरोखर मानतो. तो आपल्याकडे कुणी सहसा घेत नाही, पण अभ्यास करणारा घेऊ शकतो. अमेरिकेत 2005-06 मध्ये कामाला लागलेल्या नव्या शिक्षकांवर मॅथेमॅटिका या संस्थेने मोठा प्रयोग केला. 17 जिल्हे, चिठ्ठ्या टाकल्यासारखी शाळांची विभागणी. एका गटाला पूर्णवेळ प्रशिक्षित मार्गदर्शकांची भरघोस साथ, दुसऱ्याला त्या-त्या जिल्ह्यात नेहमी मिळतं तेवढंच साहाय्य. निष्कर्ष 2010 मध्ये आला: शिक्षक टिकण्याच्या प्रमाणात काही फरक पडला नाही. मार्गदर्शनाच्या विरोधकांना यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही, तेव्हा तो मीच पुढे ठेवतो.

पण तो पूर्ण वाचावा. एक तर ज्यांना नेहमीचंच साहाय्य मिळालं, त्या गटातल्या बहुतेकांनाही कुणी ना कुणी मार्गदर्शक होताच. म्हणजे तुलना झाली ती भरपूर साथ आणि थोडी साथ यांच्यात. आपल्या किनवटच्या मॅडमकडे त्यातली थोडीही नाही. शून्य आणि थोडं यांच्यातला फरक त्या प्रयोगाने मोजलेलाच नाही. दुसरं, ज्यांना दोन वर्षं सलग साथ मिळाली त्यांच्या वर्गातल्या मुलांची कामगिरी तिसऱ्या वर्षी वाढलेली दिसली. एकच वर्ष मिळालेल्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. आपल्याकडे जिथे नोकरी सोडून कुणी जात नाही असं तुम्हीच म्हणता, तिथे टिकण्याच्या आकड्यापेक्षा हा मुलांचा आकडा महत्त्वाचा नाही का? रिचर्ड इंगरसोल आणि मायकेल स्ट्राँग यांनी 2011 मध्ये अशा 15 अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला, तेव्हा बहुतेक ठिकाणी कामातलं समाधान, टिकून राहणं, वर्गातलं शिकवणं, सगळीकडे साथीचा काही ना काही चांगला परिणाम आढळला. इंगरसोल यांच्या आधीच्या कामात तर एक बारकावा आहे जो आपल्याला नेमका लागू पडतो: नुसता मार्गदर्शक नेमून भागत नाही, तो आपल्याच विषयाचा असावा आणि सहकाऱ्यांबरोबर एकत्र नियोजन करायला वेळापत्रकात वेळ असावा. बहुवर्गाच्या शिक्षकाला हायस्कूलच्या इंग्रजीच्या सरांचा उपयोग नाही.

मग पगाराचं काय? हा सगळ्यांत प्रामाणिक आक्षेप, आणि तो करणाऱ्यांशी मी भांडणार नाही. शिक्षणसेवकाला 2022 अखेरपर्यंत प्राथमिकला महिना 6,000 मिळत होते; 2023 पासून ते 16,000 झाले. छत्तीस वर्षांच्या, भाड्याने राहणाऱ्या, लेकरांच्या फिया भरणाऱ्या माणसाला 16,000 देऊन ‘व्यावसायिक विकासा’ची भाषा बोलणं लाज आणणारं आहे. विनाअनुदानित शाळांतल्या, वीस टक्के, चाळीस टक्के टप्प्यांवर लटकलेल्या किंवा तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकांना तर मार्गदर्शक देऊ करणं म्हणजे चेष्टाच. त्यांना आधी पगार द्या. लातूरच्या गल्लीबोळांतल्या इंग्रजी शाळांत दर जूनला नवा चेहरा दिसतो त्यालाही कारण पैसाच आहे. पण ‘आधी पगार’ याचा अर्थ ‘नंतरही मार्गदर्शन नको’ असा लावला जातो, तिथे मी अडतो. दोन्ही मागण्या एकाच माणसाच्या आहेत. तीन वर्षं कमी पैशांत ठेवण्याचं समर्थन सरकार कशावर करतं? हा परिविक्षेचा, घडण्याचा काळ आहे यावर. मग घडवा. घडवणं बाजूला टाकून नुसती पैशांची बचत ठेवायची असेल, तर या तीन वर्षांना उमेदवारी म्हणू नये. ही मागणी तर संघटनांनी पगाराच्याच निवेदनात घालायला हवी, कारण ती पगाराचीच बाजू बळकट करते.

राहता राहिला तो व्यवहारी प्रश्न: “एवढे मार्गदर्शक आणणार कुठून?” याच्या पोटात दोन गोष्टी आहेत. पहिली गोष्ट कटू आहे. जिल्हा परिषदेत 2010 च्या भरतीनंतर मोठा खंड पडला. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटांना शाई लावून डोकी मोजली गेली. आणि त्या मोजणीची सुरुवात आपल्याच नांदेडमधून, श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना झाली होती. बोगस पट उघडा पडला हे बरंच झालं. त्यानंतर मे 2012 पासून भरतीवर बंदी आली, पुढे 2019 मध्ये थोडी भरती, मग थेट 2024. म्हणजे आज शाळेत चाळिशी-पन्नाशीतले शिक्षक आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांनी दहा-बारा वर्षं नवा सहकारी पाहिलेलाच नव्हता. नव्याला सामावून घ्यायची सवयच मोडली. माझ्या दृष्टीने त्या बंदीचं सगळ्यांत मोठं नुकसान हेच, आणि त्याची भरपाई रिक्त जागा भरून होत नाही.

दुसरी गोष्ट आशेची आहे. शिक्षक शिक्षकाकडून शिकतो हे महाराष्ट्राने करून बघितलंय. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने रचनावादी वर्ग उभे राहिले, तेव्हा राज्यभरातून शिक्षक गाड्या करून ते बघायला गेले. मराठवाड्यातूनही गेले, स्वखर्चाने गेले. वर्ग डोळ्यांनी बघण्याची भूक किती आहे ते तेव्हा दिसलं. पुढे काय झालं तेही सांगायला हवं: परत आल्यावर कित्येक ठिकाणी फरशीवर चित्रं रंगली आणि काम तिथेच थांबलं, कारण गावात परतलेला शिक्षक पुन्हा एकटाच होता. एका दिवसाची सहल आणि आठवड्याला एकदा शेजारी येऊन बसणारा माणूस, यांत हा फरक आहे. दिल्ली सरकारने 2016 मध्ये 200 शिक्षकांना वर्गातून मोकळं करून ‘मेंटर’ म्हणून शाळांना जोडलं होतं. आपल्याकडे एका जिल्ह्यापुरतं तरी तसं करायला काय हरकत होती? राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 2022 मध्ये मार्गदर्शन अभियानाचा प्रयोग सुरू केला खरा, पण निवडल्या त्या 30 केंद्रीय शाळा: केंद्रीय विद्यालयं, नवोदय, सीबीएसई. जिथे एका आवारात वीस-पंचवीस शिक्षक आधीच एकमेकांना विचारू शकतात, तिथून सुरुवात!

आणि माणसं नाहीत म्हणणाऱ्यांना जुलै 2023 ची आठवण करून द्यावीशी वाटते. तेव्हा शासनाने ठरवलं की रिक्त जागांवर निवृत्त शिक्षक घ्यायचे, महिना 20,000 मानधनावर. बेरोजगार उमेदवार चिडले, त्यांचं बरोबरच होतं. पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. निवृत्त शिक्षक मिळू शकतात, त्यांना द्यायला पैसे निघू शकतात, ते तालुक्याच्या गावी रिकामे आहेत, हे सगळं शासनाने त्या एका आदेशात मान्य केलं होतं. त्यांना एकटं वर्गावर उभं करायचं सुचलं. नव्या शिक्षकाच्या शेजारी आठवड्यातून दोन दिवस बसवायचं सुचलं नाही. मुखेड, उदगीर, अहमदपूर, देगलूर, कुठल्याही गावात सकाळी फिरायला निघालेले असे गुरुजी आणि बाई सापडतील ज्यांनी चाळीस पोरांचे चार वर्ग एकहाती वाचते केले. धर्माबाद-बिलोलीच्या पट्ट्यात तेलुगू बोलणाऱ्या घरांतली आणि देवणी-उदगीरकडे कन्नड बोलणाऱ्या घरांतली पोरं मराठी वाचायला कशी लागतात, हे ज्ञान पुस्तकात नाही, त्यांच्याजवळ आहे. त्यातले काही आपला काळ कसा सोन्याचा होता एवढंच ऐकवतील, तेही कबूल. म्हणून निवड करावी लागेल, आणि निवड करताना पुरस्कारांची यादी बाजूला ठेवून त्यांच्या शेवटच्या शाळेतल्या पोरांना विचारावं लागेल.

आपल्या या दोन जिल्ह्यांनी राज्याला पॅटर्न दिले. लातूरचा बारावीचा, राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या नावाने गाजलेला, नांदेडचा कॉपीमुक्तीचा. दोन्ही परीक्षेशी बांधलेले. लातूर पॅटर्नच्या यशात सरावपरीक्षा, जादा तास आणि निकालांच्या फलकांची चर्चा फार होते. पण तिथे कनिष्ठ प्राध्यापकाने ज्येष्ठाच्या तासाला मागे बसायचं, प्रश्नपत्रिका एकत्र बसून काढायची, कुणाचा भाग कुठे कच्चा राहिला ते मोकळेपणाने बोलायचं, अशा आठवणी जुने लोक सांगतात. त्या आठवणी खऱ्या असतील, तर जे बारावीला चालतं ते पहिलीला का चालू नये? पहिलीच्या पोरांचा निकाल फलकावर लागत नाही, याखेरीज मला कारण दिसत नाही.

2024 मध्ये रुजू झालेले शिक्षणसेवक 2027 मध्ये कायम होतील. त्यांच्या फाईलला कामाचा अहवाल जोडला जाईल, समाधानकारक सेवेचा शेरा पडेल. पुढची तुकडी तोवर आलेली असेल. ही तुकडी येताना काही करायचं झालं तर त्याला मोठा शासननिर्णय लागत नाही; केंद्राच्या पातळीवर, प्रत्येक नव्याच्या नावापुढे एका अनुभवी शिक्षकाचं नाव लिहिता येतं, महिन्याची शिक्षण परिषद त्या जोड्यांच्या वर्गांत भरवता येते, पंधरवड्यातून एक दिवस नव्याला त्या ज्येष्ठाच्या वर्गात आणि एक दिवस ज्येष्ठाला नव्याच्या वर्गात पाठवता येतं, प्रवासभत्त्यासकट. एकशिक्षकी शाळेत हे कसं बसवायचं हा खरा अवघड प्रश्न आहे आणि तिथे निवृत्त गुरुजी लागतील. फक्त एक अट मी सोडणार नाही. या ज्येष्ठाकडून कुठलंही गुणपत्रक, तक्ता, लिंक किंवा गोपनीय अहवाल मागायचा नाही. नव्याच्या वर्गात त्याने काय पाहिलं ते त्या दोघांतच राहील. ज्या दिवशी त्याच्या हातात शेरेबुक जाईल, त्या दिवशी नवा शिक्षक पुन्हा फळा पुसून ठेवायला लागेल, आणि मग त्याला विचारायला उरेल ती सायंकाळची गाडी.